वाचून दाखविले, बरोबर आहे

ग्रंथ डोळ्यांनीच वाचावयाचा असतो, ही समजूत आपल्याकडे छापखान्याच्या पाठोपाठ आली आणि शे-दीडशे वर्षांत इतकी दृढमूल झाली की, जो ग्रंथ ऐकतो त्याने वाचनाचे परिश्रम चुकवून फळ तेवढे पदरात पाडून घेतले, असा अस्फुट आरोप सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात अधूनमधून डोकावतो. मराठी वाङ्मयाचा पूर्वेतिहास मात्र या आरोपाला दुजोरा देत नाही. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशास श्रोत्यांसमोर सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी रचले गेल्यापासून पिढ्यान् पिढ्या श्रावणात ओटीवर पोथी लावून ऐकले गेले, आणि वाचणारा एक व ऐकणारा सारा वाडा, याच रीतीने ते महाराष्ट्रभर पसरले. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून थोरल्या महाराजांची जी बखर लिहिली, तिची आटोपशीर, ठसठशीत वाक्ये आजही मोठ्याने वाचली असता अधिक खुलतात. म्हणून स्वीडनची स्टोरीटेल ही संस्था २०१७ साली हिंदुस्थानात आली आणि तिने इंग्रजी-हिंदीच्या बरोबरीने मराठी ग्रंथही लोकांच्या कानी घालण्यास आरंभ केला, तेव्हा या गोष्टीचे अनेकांना वाटले तेवढे अप्रूप मला वाटले नाही. एक जुना परिपाठ नवे साधन घेऊन परतला, एवढाच त्याचा अर्थ मी केला.

कुडाळसारख्या गावी ग्रंथ ऐकण्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. आमच्याकडचा पाऊस ग्रंथांचा वैरी. मिरग लागला, भंगसाळ नदी दुथडी भरून वाहू लागली की, कपाटातल्या पुस्तकांच्या बांधणीवर पांढुरकी बुरशी चढते, पाने एकमेकांस चिकटतात, आणि जे बुरशीच्या तावडीतून सुटते त्यावर वाळवी आपला हक्क सांगते. त्यातच वीज गेली की संध्याकाळी सहानंतर अक्षर दिसत नाही. महसूल खात्यातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर, डोळ्यांचे सामर्थ्य उतरणीस लागले असता, पावसाळ्याच्या त्या दीर्घ संध्याकाळी मी ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रे, आत्मवृत्ते आणि कथा कानांनी वाचू लागलो, आणि ऐकता ऐकता याविषयी काही मते बनत गेली. ती मी येथे नमूद करीत आहे.

या मतांचे मूळ माझ्या ग्रंथप्रेमापेक्षा कचेरीतल्या अनुभवात अधिक आहे. वारस तपास असो, वहिवाटीची तक्रार असो किंवा बांधाचा तंटा असो, साक्षीदाराचा जबाब लिहून झाला की तो त्याला वाचून दाखवावा लागे, आणि खाली 'वरील जबाब वाचून दाखविला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे' असे लिहून त्याखाली त्याची सही, अथवा निशाणी डाव्या हाताचा अंगठा घेतला जाई. कित्येक कारकुनांना हा केवळ उपचार वाटे. ते घाईघाईने, शब्द गिळीत वाचून मोकळे होत. एकदा एका वृद्ध बाईचा जबाब असाच वाचला जात होता. तिला अक्षरओळख मुळीच नव्हती. पदर सावरून, डोळे मिटून ती ऐकत बसली होती, आणि सगळा कागद अर्ध्याहून अधिक वाचून झाल्यावर तिने एकाएकी हात वर केला. "तसां नाय तां," ती म्हणाली. आंब्याचे कलम बांधाच्या अलीकडे असल्याचे तिने सांगितले होते आणि लिहिताना ते पलीकडे गेले होते. एका शब्दाच्या फेराने तिच्या मुलाबाळांचा हक्क दुसऱ्याच्या दप्तरी जमा झाला असता. मोठ्याने वाचणे ही केवढी जोखमीची गोष्ट आहे, आणि एकाग्र कान किती तीक्ष्ण असू शकतो, हे दोन्ही मला त्या दिवशी एकदमच उमगले. ग्रंथवाचकाकडूनही मी तेव्हापासून तीच अपेक्षा बाळगतो, की लेखकाने जे लिहिले ते, जसे लिहिले तसे, त्याने माझ्यापर्यंत पोचते करावे.

ध्वनिमुद्रित ग्रंथांत या अपेक्षेचा भंग बहुधा अभिनयाच्या अतिरेकाने होतो. शौर्याचा प्रसंग आला की वाचकाचा स्वर चढतो, शोकाचा आला की तो गदगदतो, आणि मध्येच एखादी स्त्री बोलू लागली की पुरुष वाचक आपला कंठ ओढूनताणून कोवळा करतो. परिणाम असा होतो की, ऐकणाऱ्याच्या मनात भाव उत्पन्न होण्याचे काम जे लेखकाच्या वाक्यांनी करावयाचे, ते वाचकाच्या घशाने आधीच उरकून टाकलेले असते. वाचकाचा आवाज पोफळीच्या बागेतल्या पाटासारखा असावा: पाणी झाडाच्या मुळाशी पोचावे, पाटाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने कथा सांगतात. असा ग्रंथ सहा आवाजांत वाचावा, असे अनेकांचे म्हणणे पडते. माझे मत याच्या विरुद्ध आहे. सहा मनांमधला भेद लेखकाने शब्दांत केलेला आहे, आणि एकाच संयत आवाजात तो भेद ऐकू आला तरच लेखकाच्या कारागिरीचा खरा प्रत्यय येतो.

एका आवाजाच्या या सामर्थ्याचा दाखला शोधण्यास आम्हा कुडाळकरांना दूर जावे लागत नाही. शेजारच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची कला जतन केली आहे; २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तिचे नाव देशभर झाले. चित्रांची पोथी समोर उभी धरून, एकेक चित्र पुढे करीत, सांगणारा एकटाच राम होतो, रावण होतो, मंदोदरी होतो. तो वेषांतर करीत नाही, आपले आसनही सोडीत नाही, आणि तरीही कोण बोलत आहे याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात क्षणभरही संदेह राहत नाही. वाद्ये तेथेही असतात, पण ती कथेच्या अंगचीच असतात. उलट आजच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत शब्दांच्या खाली अखंड संगीत पसरलेले असते, ते मला सर्वस्वी अनाठायी वाटते. लेखकाने दोन वाक्यांमध्ये जी जागा मोकळी सोडली ती भरून काढण्याचा अधिकार दुसऱ्या कोणासही नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग आमच्या दशावताराचे काय? कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की नेरूर-वालावलपासून थेट गोव्याच्या सरहद्दीपर्यंत रात्ररात्र चालणाऱ्या त्या नाटकांत लिखित संहिता नसते; कथानक तेवढे ठरलेले असते, आणि हार्मोनियम, पखवाज व झांजेच्या साथीने नट आपली भाषणे रंगमंचावरच रचतात. ते स्वातंत्र्य मला अत्यंत प्रिय आहे. परंतु दशावतारी नट स्वतःच्या शब्दांचा स्वतः धनी असतो, आणि समोरच्या श्रोत्यालाही ते ठाऊक असते. ग्रंथ वाचणारा दुसऱ्याच्या शब्दांचा विश्वस्त असतो. धन्याचे अधिकार विश्वस्ताने वापरू नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे.

ऐतिहासिक ग्रंथांच्या बाबतीत ही विश्वस्ताची जबाबदारी अधिकच वाढते. रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' १९६८ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या आरंभी नरहर कुरुंदकर यांचे एक दीर्घ पत्र प्रस्तावनेदाखल छापण्यात आले, आणि इतिहासातील शिवाजी समजून घेताना कोणते प्रश्न विचारले पाहिजेत याचे असे साक्षेपी विवेचन मराठीत विरळा. ज्याच्या हाती पुस्तक असते तो ती प्रस्तावना वगळून पुढे गेला तरी ती तेथे आहे एवढे त्याला दिसते, आणि कादंबरी व इतिहास यांच्यामधली मेर त्याच्या ध्यानात राहते. ऐकणाऱ्याला ती मेर दिसत नाही. त्यातून वाचकाचा आवाज भारदस्त असला की कल्पित संवादांनाही अस्सल कागदपत्रांचे वजन येते. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणास सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, आणि त्याच सुमारास खवासखान आदिलशाही फौज घेऊन आमच्या कुडाळावर चालून आला होता. तो प्रसंग मी ऐकतो तेव्हा माझ्या गावाचे नाव कानी पडताच अंगावर रोमांच उभे राहतात, आणि नेमक्या त्याच क्षणी, हे साधनांत आहे की लेखकाच्या प्रतिभेत, असा प्रश्न मनात उभा राहिला पाहिजे, असे मला वाटते. म्हणून ऐतिहासिक कादंबरीची प्रस्तावना ध्वनिमुद्रणातून कदापि वगळू नये.

तसेच सर्वच इतिहासग्रंथ कानांना मानवणारे नसतात, हेही कबूल केले पाहिजे. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांतील पत्रे, तिथी आणि टिपा यांवर बोट ठेवून मागेपुढे पाहावे लागते; ते काम कानांचे नव्हे. उलट बखर, प्रवासवृत्त आणि आत्मचरित्र हे तर मूळचेच बोलण्याच्या जातीचे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत निघाली. तिच्यातले वाक्य न् वाक्य स्वयंपाकघरात बसून सांगितल्यासारखे असल्यामुळे ते कागदावरून कानात जाताना आपल्या घरी परतल्यासारखेच वाटते. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' हाही असाच. सत्तावन सालच्या धामधुमीत सापडलेल्या एका भिक्षुकाने म्हातारपणी सांगितलेली ती हकीकत आहे. मात्र तिच्याच निमित्ताने एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ती छापली ती बरेच फेरफार करून, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली ती १९६६ साली. या दोहोंपैकी कोणती प्रत समोर ठेवून वाचन चालले आहे, ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे. कचेरीत कोणत्याही नकलेवर ती अस्सलाबरहुकूम असल्याचा शेरा असल्याखेरीज आम्ही ती दाखल करून घेत नसू. ग्रंथाची योग्यता फेरफाराच्या नोंदीहून कमी खचितच नाही.

ललित वाङ्मयाचा विचार करताना मला प्रथम चिंतामण त्र्यंबक खानोलकर आठवतात. १९३० साली बागलांची राई येथे जन्मलेले खानोलकर कुडाळात खानावळ चालवीत असत आणि आरती प्रभू या नावाने कविता लिहीत असत. १९५९ साली ते मुंबईस गेले व काही काळ आकाशवाणीत होते. 'रात्र काळी घागर काळी' आणि 'कोंडुरा' या त्यांच्या कादंबऱ्यांतले गद्य डोळ्यांनी झरझर वाचणाऱ्यास कधी कधी दुर्बोध वाटते. तेच माझ्या पुतणीने घरी संथपणे वाचून दाखविले तेव्हा त्यातला उच्छ्वास, अडखळणे आणि पुन्हा पुन्हा त्याच शब्दाकडे परतणे हे सारे अर्थपूर्ण असल्याचे ध्यानात आले. ती याच मातीतली असल्याने गावांची, झाडांची, देवस्थानांची नावे तिच्या तोंडी सहज येत होती. खानोलकरांचे किंवा आरवलीच्या जयवंत दळवींचे लेखन देशावरच्या वाचकाने वाचू नये असे मी म्हणणार नाही. परंतु मालवणी बोलीचा हेल ज्याच्या कानात नाही त्याने ती पात्रे वाचण्यापूर्वी चार दिवस येथल्या बाजारात येऊन बसावे, एवढे तरी त्याच्याकडून अपेक्षिणे गैर नाही. वेग वाढवून दीडपटीने ऐकण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग असल्या गद्याच्या बाबतीत कोणी करू नये. संथपणा हा तेथे अर्थाचाच भाग आहे.

इतक्या काटेकोरपणाची आवश्यकता काय, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की, ग्रंथ ऐकणारे सर्वच जण माझ्यासारखे, शंका आली तर कपाटातली प्रत काढून पडताळणारे नसतात. कित्येकांची दृष्टी गेलेली असते. शिरोड्यास अनेक वर्षे शिक्षक असलेले वि. स. खांडेकर, ज्यांनी मराठी वाचकांच्या दोन पिढ्या घडविल्या, त्यांच्यावरही उतारवयात हाच प्रसंग ओढवला. आणि आमच्या खेड्यापाड्यांतून आजही अशा वृद्ध स्त्रिया आहेत, ज्यांना शाळेचा उंबरठा कधी ओलांडता आला नाही आणि ज्यांना नातवंडांच्या फोनवरून आयुष्यात प्रथमच 'स्मृतिचित्रे' किंवा 'मृत्युंजय' भेटू शकते. त्यांच्यापाशी पडताळून पाहण्यास दुसरे साधन नाही. जे कानी पडेल तोच त्यांचा ग्रंथ. ज्याला पान उलटून पाहता येते त्याच्यापुढे वाचताना वाचकाने थोडी मोकळीक घेतली तर फार तर रसभंग होईल, पण ज्याला ते कधीच पाहता येणार नाही त्याच्यापुढे घेतलेली तीच मोकळीक हा विश्वासघात ठरतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येक वाचकाने हा दुसरा श्रोता समोर बसला आहे असे समजून तोंड उघडावे, आणि प्रकाशकांनीही त्याच श्रोत्याला उत्तरदायी राहून आपले ग्रंथ निवडावे.