अळवावरचें पाणी

मनुष्य परक्या कसबाचें एखादें काम स्वतःच्या हातीं घेतो, तें बहुधा दोन कारणांनीं: एक काटकसर, आणि दुसरें कांहीं तरी झांकण्याची निकड. आमच्या मोटारीच्या पुढच्या बंपरचा रंग घरींच द्यावयाचें आम्हीं ठरविलें, तेव्हां पहिलें कारण आम्हीं सर्वांस सांगितलें आणि दुसरें स्वतःपाशीं ठेविलें.

घडलें तें असें. आमच्या वडिलांचें वय ७८. पन्नास वर्षें ते मोटार चालवीत आले. गेल्या वर्षीं चैत्रांत एके संध्याकाळीं इमारतीच्या फाटकाच्या खांबास त्यांनीं बंपरचा डावा कोपरा घासला. हातभर ओरखडा उमटला व खालचें काळें प्लास्टिक उघडें पडलें. "हा खांब कोणीं पुढें आणला?" असें ते म्हणाले, आम्ही हंसलों, आणि पुढें त्या गोष्टीविषयीं घरांत कोणी बोललें नाहीं. खांब होता तेथेंच आहे हें सर्वांस ठाऊक होतें. अंधुक उजेडांत वडिलांना आतां नीट दिसत नाहीं, हेंहि ठाऊक होतें. परंतु ज्यांच्या शेजारीं बसून आम्ही गाडी शिकलों, त्यांस 'अण्णा, आतां चालवूं नका' असें सांगण्याचा धीर आम्हांस होईना. धीर होईना म्हणून आम्हीं रंगाचा डबा विकत आणला.

वैशाखांत वडील आठ दिवस आत्याकडे कोंकणांत गेले, ती संधि आम्हीं साधली. रंगाचा क्रमांक गाडीवरील पट्टीवरून उतरून घेतला व तसा रुपेरी रंग स्प्रेच्या डब्यांत मिळविला. ओरखड्याच्या कडा पॉलिश पेपरनें जरा घासल्या, थिनरचा बोळा फिरविला, भोंवतीं मास्किंग टेप आणि जुनीं वर्तमानपत्रें लाविलीं, आणि पत्र्यास मारतात तोच साधा प्राइमर मारून वर रंगाचे तीन हात दिले. सायंकाळीं तें काम पाहून, आजवर लेखणी हातीं धरण्यांत आयुष्य फुकट गेलें, असें आम्हांस वाटलें. वडील परत आले. त्यांनीं बंपरकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि आंब्यांची पेटी आमच्या हातीं दिली.

आषाढांत एका सकाळीं, पाऊस उघडलेला पाहून, वडील गाडी धूत होते. फडकें त्या कोपऱ्यावर फिरतांच रंगाची कड सुटली आणि दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा निघून आला. प्राइमरहि त्यालाच चिकटून आला होता. खालच्या प्लास्टिकला मात्र कधीं रंग लागलाच नव्हता असें वाटावें, इतकें तें स्वच्छ होतें. वडिलांनीं तो पापुद्रा आमच्या हातीं ठेविला व कांहीं न बोलतां बादली उचलून ते आंत गेले.

मग जें आधीं करावयाचें तें आम्हीं मागून केलें, म्हणजे विषय समजून घेतला. बंपरच्या आंतल्या अंगास बारीक अक्षरें उठविलेलीं असतात. आमच्या बंपरवर 'पीपी+ईपीडीएम' अशीं होतीं: म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि त्यानें धक्का सोसावा म्हणून त्यांत मिसळलेलें एक कृत्रिम रबर. इटलीच्या ज्यूलिओ नात्ता यांनीं १९५४ सालीं स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन तयार केलें, आणि १९६३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्यासह मिळालें. गॅलरींतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डब्यांचीं झांकणें बहुधा याच कुळांतलीं. या पदार्थाचा स्वभाव असा कीं, तो कोणासहि सहसा जवळ करीत नाहीं. उघड्या बंपरवर पाण्याचा शिंतोडा टाकला तर तें पसरत नाहीं. अळवाच्या पानावरच्यासारखे त्याचे थेंब वेगळे राहतात. जेथें पाणी ठरत नाहीं तेथें रंग कसा ठरावा? म्हणून कारखान्यांत रंगाआधीं त्याच्या अंगावरून क्षणभर ज्योत फिरवितात, किंवा क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा पातळ हात देतात. मग तें रंग धरूं लागतें. पूर्वींच्या अम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यांचे बंपर चकचकीत मुलाम्याचे, लोखंडी असत. त्यांस ठोकर लागली कीं पोंचा दिसे. रंग मारून तो झांकण्याची सोयच नव्हती.

हें कळलें तरी पावसाळा चालू होता, आणि दमट हवेंत रंगावरचा पारदर्शक हात पांढुरका पडतो. दिवाळीपर्यंत थांबणें भाग होतें. मधल्या काळांत गाडी तो काळा डाग घेऊनच हिंडली. वडीलहि संध्याकाळीं ती घेऊन जात, आणि ते परत येईपर्यंत आम्ही गॅलरींत उभे राहत असूं.

कार्तिकांतल्या एका कोरड्या रविवारीं आम्हीं बंपर सोडवून इमारतीच्या आवारांत मांडला. नुसता कोपरा रंगविला तर सांधा दिसतो, म्हणून या वेळीं सबंध रंग काढावयाचा होता. पत्र्याचा रंग काढण्याचें जें औषध मिळतें, त्याचा थेंब आंतल्या कडेवर टाकून पाहिला, तों रंगाबरोबर प्लास्टिकहि मऊ पडूं लागलें. गरम हवेनें काढावा तर बंपर वांकण्याचें भय. उरला एकच मार्ग, घासण्याचा. पाण्यांत भिजविलेला ३२० नंबरचा पेपर, मग ६०० नंबरचा. आणि घाई केली तर प्लास्टिकला लव सुटते, ती पुन्हां मोडावी लागते.

अर्ध्या तासानें वडील स्टूल घेऊन आले व एक पेपर उचलून दुसऱ्या टोकास बसले. दोन माणसें एकमेकांकडे न पाहतां एकाच कामाकडे पाहत असलीं म्हणजे बोलणें सोपें जातें. मान वर न करतां ते म्हणाले, "तो खांब मला दिसला नव्हता रे."

"ठाऊक आहे, अण्णा," आम्ही म्हणालों.

"ठाऊक होतें, तर बोललास कां नाहींस?"

यावर देण्याजोगें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. बराच वेळ पेपरांचा आवाज तेवढा चालला होता. मग आम्हींच विचारलें कीं, उद्यां डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊं या काय? ते म्हणाले, "जाऊं. आणि दिवेलागणीनंतर किल्ली तुझ्याजवळ राहूं दे. सकाळची मात्र डॉक्टरांनीं नको म्हटल्याखेरीज मी सोडणार नाहीं." हा तह दोन्ही पक्षांस मान्य झाला.

पुढचें काम त्या मानानें सोपें होतें. तोंडास मास्क बांधून प्लास्टिकसाठीं मिळणारा निराळा प्राइमर, त्यावर बंपरबरोबर लवणाऱ्या रंगाचे पातळ हात, प्रत्येकानंतर पंधरा मिनिटांची विश्रांति, आणि शेवटीं पारदर्शक हात. रंग तंतोतंत जुळला नाहीं. उन्हांत बंपर पत्र्याहून किंचित् काळपट दिसतो. कारखान्यांत पत्र्याचा रंग सुमारें १४० अंश उष्णतेंत भाजतात, प्लास्टिकचा बहुधा वेगळा, सुमारें ८० अंशांवर वाळवितात. जें त्यांसहि कष्टानें जुळतें, तें आमच्या आवारांत जुळावें असा हट्ट आम्हीं धरला नाहीं.

डॉक्टरांना मोतीबिंदु आढळला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची व्हावयाची आहे. सकाळच्या गाडीस त्यांनीं तूर्त हरकत घेतलेली नाहीं. संध्याकाळीं किल्ली न मागतां आमच्या टेबलावर येते. यंदाचा पावसाळाहि निघाला. वडील रविवारीं सकाळीं गाडी धुतात, आणि डाव्या कोपऱ्याशीं आले म्हणजे नखानें रंगाची कड खरवडून पाहतात. अद्याप ती सुटलेली नाहीं.