पहिल्या उत्तराची तयारी

चि. सोनू,

चाकणच्या कारखान्यातल्या मुलाखतीला काय घालायचं, बसायचं कसं, हसायचं किती, हे सगळं तू ठरवून टाकलंस. ते असू दे. कपडे स्वच्छ आणि वेळेवर हजर एवढं जमलं की तो विषय संपला. क्लासवाले 'देहबोली ५५ टक्के, शब्द फक्त ७ टक्के' असं ठासून सांगतात, पण ते आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायला लावली होती. मशीन शॉपमधल्या कामाबद्दल बोलणाऱ्या मुलीला ते कसे लागू व्हावेत?

पहिली छाप मात्र खरोखर पडते, आणि ती पुढच्या प्रश्नांना वळण लावते. डॉहर्टी, टर्बन आणि कॅलेंडर या संशोधकांनी १९९४ मध्ये खऱ्या मुलाखतींच्या ध्वनिफिती तपासल्या. अर्ज वाचून आधीच मत चांगलं झालं असेल, तर मुलाखत घेणारा जिव्हाळ्याने बोलतो, कंपनीची माहिती आपणहून देतो आणि उमेदवाराला विचारतो कमी. म्हणजे आपल्या मताला पुरावा तो स्वतःच गोळा करत जातो. असं मत तुझ्या पहिल्या उत्तरावरूनही बनू शकतं, म्हणून 'स्वतःबद्दल सांगा' याच्या उत्तरात गाव, घर, छंद यांवर वेळ घालवू नकोस. 'ड्रिलच्या भोकांचं माप पाहायला प्लग गेज केलं. साध्या पोलादाचं होतं, ते वापरून झिजलं. मग कडक करून, ग्राइंड करून पुन्हा बनवलं,' एवढं सांगून थांब. समोरचा इंजिनिअर असेल तर झीज कशी कळली, कडकपणा कसा मोजला, हे विचारल्याशिवाय त्याला राहवणार नाही. तिथून पुढची मुलाखत तुझ्या ओळखीच्या रस्त्यावर चालते.

तू म्हणशील, हा तर अन्यायच झाला. बोलकी मुलं पुढे जाणार. आहेच अन्याय. अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजने लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, प्रश्न आईवडिलांचे आणि राहण्याच्या ठिकाणाचे. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी परीक्षेला एवढं वजन देणं मनमानी ठरवलं. केंद्र सरकारने तर २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंदच केल्या. खासगी कारखान्यात असं संरक्षण नाही. सगळ्यांना तेच कामाचे प्रश्न विचारून गुण देणारी मुलाखत सर्वांत बरी, पण ती कशी घ्यायची ते तुझ्या हातात नाही. बोलणं कामाकडे ओढणं तेवढं आहे, आणि त्याचा फायदा कमी बोलणाऱ्यालाच जास्त. गेज स्वतः घासलेल्या मुलीला भाषण ठोकावं लागत नाही.

उत्तर घोकलं तर पोपटपंची वाटेल, ही शंका रास्त आहे. वाक्यं पाठ करूच नकोस. मापं, टॉलरन्स, धातू आणि काय बिघडलं, एवढंच पक्कं ठेव. वाक्यं रोज वेगळी निघाली तरी चालतील. इंग्रजीत विचारलं आणि अडखळलीस, तर 'मराठीत सांगू का?' असं सरळ विचार.

गेज घरी असेल तर पिशवीत टाक, पण मागितलं तरच बाहेर काढ. आणि आत जातानाच गेटवर सिक्युरिटीला दाखवून नोंद करून घे, नाहीतर निघताना अडवतील.

तुझी,
आत्या