गाडीतला आवाज



लोणची-पापड सोडून आज गाडीच्या स्टिरिओबद्दल लिहितेय म्हणून हसू नका. गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

आमची गाडी २०१४ ची. लहान, पांढरी, पाच माणसं कशीबशी मावतात. गाडीसोबत आलेला स्टिरिओ अजून तोच आहे: रेडिओ, सीडी, यूएसबी, आणि पुढच्या दोन दारांत एकेक स्पीकर. मागे काही नाही. महिन्यातून एकदा, जमलं तर चतुर्दशीला, आम्ही सांगलीहून कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला जातो. जाताना गाडीत भक्तामर लावायचं ही सासूबाईंची वर्षानुवर्षांची पद्धत. ४८ श्लोक, आणि त्यांच्या मागोमाग सासूबाईंचा आवाज. स्टिरिओतल्या बाईंपेक्षा अर्धा शब्द पुढेच असायच्या त्या.

गेल्या वर्षभरात तो आवाज हळूहळू बंद झाला. माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. त्या म्हणायच्या, "जरा मोठं कर." हे मोठं करायचे. मग म्हणायच्या, "नुसता आवाज येतोय, शब्द कळत नाहीत." हे आणखी मोठं करायचे. डाव्या दारातला स्पीकर फाटल्यासारखा फरफरायचा, माझं डोकं दुखायचं, आणि शेवटी सासूबाई खिडकीबाहेर बघत गप्प बसायच्या.

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. एका फेरीतच त्याचा निकाल: "सिस्टीम बदलूया." दुकानातून दरपत्रकसुद्धा घेऊन आला. नऊ इंची स्क्रीन ९,०००, पुढचे स्पीकर ५,५००, मागचे ३,०००, सीटखाली ठेवायचा बासचा डबा ९,०००, चारही दारांचं डॅम्पिंग ६,०००, मजुरी २,०००. एकूण ३४,५००. ह्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, अख्ख्या गाडीचे पावणेदोन लाख येतील का शंका आहे." ते खरंच आहे. विकायला काढली की स्टिरिओचे वेगळे पैसे कोणी देत नाही. जे मिळवायचं ते गाडी आपल्याकडे आहे तोवर, ऐकूनच.

सासूबाईंचा मुद्दा वेगळा. त्यांनी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलंय आणि एक निळी वही ठेवलीय. साड्या किती, भांडी किती, दागिने किती, सगळं लिहिलेलं. नवं आलं तर जुनं कुणाला तरी द्यायचं. "हे सगळं कुणाच्या वहीत लिहायचं?" एवढंच विचारलं त्यांनी. नातू म्हणाला, "माझ्या." त्याच्याकडे वही आहे कुठे!

तर आम्ही तिघं दुकानात गेलो. हा दुकानदार भला निघाला. मी यादी पुढे केली, तर त्याने ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "वहिनी, ऐकणार कोण? आणि बसत्यात कुठं?"

सासूबाई मागे डाव्या बाजूला बसतात. पुढे मी. त्याने गाडीचं दार उघडून दाखवलं. स्पीकर दाराच्या तळाशी, माझ्या पायापाशी. बारीक, तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातात आणि सीटच्या गादीत मुरतात. मागे पोचतो तो जाडा, घुमणारा आवाज. मग त्याने स्टिरिओची सेटिंग पाहिली. बास शेवटापर्यंत वाढवलेला, ट्रेबल मध्यावर. चिरंजीवांचे प्रताप, मागच्या सुट्टीतले. त्याने बास उतरवला, ट्रेबल दोन घरं वर नेला आणि म्हणाला, "आजींना पुढं बसवा. ह्याचे पैसे नाहीत."

खरं सांगते, मला जरा लाज वाटली. गुडघ्यांमुळे त्यांना मागे पाय पसरता येतात म्हणून त्या मागे, असं आम्ही धरून चाललो होतो. पुढची सीट मागे सरकवली तर तिथेही पसरता येतात. पंधरा वर्षांत मला सुचलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

मग मी त्याला प्रश्नांनी भंडावलं. खोक्यावर '५० वॅट गुणिले चार' लिहिलेलं असतं, ते क्षणभराचं शिखर. गाडीच्या साध्या बॅटरीवर, वेगळा अँप्लिफायर न लावता, स्टिरिओ एका स्पीकरला सलग देतो जेमतेम १८-२० वॅट. दुसरं म्हणजे वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणून वॅटचा आकडा बघून स्पीकर घेऊ नये, सेन्सिटिव्हिटी बघावी. ८८ डेसिबलऐवजी ९१ चा घेतला तर तेवढ्याच वीजेत दुप्पट वॅट दिल्यासारखं होतं. आपण कुकर घेताना लिटर बघतो आणि बुडाची जाडी बघत नाही, तसंच हे.

डॅम्पिंगचं मला सगळ्यात पटलं. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात. स्पीकरच्या मागून निघालेला आवाज त्यातून पुढे येतो आणि पुढच्याला खातो. तिथे ब्युटाइल रबराचे, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा असलेले चिकट तुकडे लावले की भोकं बंद होतात, पत्रा थरथरत नाही, आणि रस्त्याची घरघरही कमी होते. गाडीत गोंगाट कमी झाला की आवाज वाढवायची गरजच कमी. फक्त एक लक्षात ठेवा, दाराच्या अगदी खालची बारीक भोकं बंद करू देऊ नका. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. बुजली तर दार आतून गंजतं.

शेवटी आम्ही घेतलं ते एवढंच: पुढचे स्पीकर, ज्यांत बारीक आवाजाचा छोटा स्पीकर वेगळा असतो आणि तो वर, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसतो. पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग ३,०००, मजुरी १,०००. एकूण ९,५००. वायर कुठे कापली नाही, तयार कपलरने जोडल्या. स्क्रीन नाही घेतली. जुन्या स्टिरिओला आवाजाचं गोल बटण आहे. रस्त्यावरची नजर न काढता ते फिरवता येतं. काचेवर बोट सरकवत बसायला गाडी चालवणाऱ्याला वेळ असतो कुठे? बासचा डबा तर नाहीच. मुलगा दोन दिवस फुगून होता.

फरक पडला का? पडला, आणि चांगलाच. ह्यांना पहिल्यांदाच मागच्या तानपुऱ्याचा सूर वेगळा ऐकू आला. मी मागच्या सीटवरून प्रत्येक अक्षर ऐकत होते, तेही आधीच्या निम्म्या आवाजात. स्पीकर फाटलेला असेल तर ९,५०० रुपये मी पुन्हा देईन.

आणि सासूबाई पुढच्या सीटवर बसून म्हणाल्या, "छान आहे हो." म्हणायला मात्र लागल्या नाहीत. इचलकरंजी फाट्यापाशी ह्यांनी काहीतरी विचारलं, तर त्या मान हलवून हसल्या. प्रश्न होता, पाणी हवं का? ह्यांनी बाटली पुढे केली तेव्हा त्या दचकल्या. आरशात माझी आणि ह्यांची नजर भेटली.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीचा कागद मिळाला, त्यावर रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती. वयानुसार आधी बारीक आवाज जातात, असं डॉक्टर म्हणाले. स, श, थ, फ ही अक्षरं त्या भागातली. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत'. वर्षभर त्या अगदी नेमकं सांगत होत्या, आणि आम्ही बटण फिरवत होतो.

यंत्राचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "माझ्या वहीत बसत नाही."

मी विचारलं, "आई, चष्मा लिहिलाय का वहीत?"

"चष्मा कशाला लिहायचा? तो डोळ्यांचा आहे."

मी काहीच बोलले नाही. त्याही बराच वेळ काही बोलल्या नाहीत. स्टिरिओतून वाचलेले २५,००० बाजूला होतेच, वर अजून घालावे लागणार आहेत. डॉक्टरांनी आधी आठवडाभर वापरून बघायला दिलंय.

परवा तेच घालून निघालो. गाडी गल्लीतून बाहेर पडली, ह्यांनी भक्तामर लावलं. सासूबाईंनी हात वर केला. "थांब. बंद कर ते." आम्हाला वाटलं, यंत्र टोचतंय.

"समोरच्या खणात किल्ल्या वाजताहेत," त्या म्हणाल्या. "त्या आधी काढ, मग लाव."