शिळी दवंडी



ही नोंद गेल्या हंगामातली. लिहायला उशीर झाला, कारण चूक माझी होती आणि ती कबूल करायला वेळ लागला. नोंद द्राक्षाची आहे तशीच इंटरनेटचीही आहे. ज्यांनी बागेत सेन्सर, हवामानाचा खांब किंवा मोबाईलवर चालणारं ड्रिप बसवलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझी बाग निफाड तालुक्यात, दोन एकर थॉमसन. छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली होती. बेचाळिसावा दिवस, बाग ऐन फुलोऱ्यात. नेमकं त्याच वेळी पुण्यात पुतण्याचं लग्न निघालं, म्हणून मी दोन रात्री बाहेर होतो. काळजी वाटत नव्हती, कारण बागेत पानाच्या ओलाव्याचे चार सेन्सर आहेत. ते मोटरघरातल्या छोट्या कॉम्प्युटरला वायफायवरून आकडे देतात. तो कॉम्प्युटर सिमच्या राऊटरमधून ते आकडे बाहेर पाठवतो आणि माझ्या मोबाईलवर पानाचं चित्र दिसतं. हिरवं म्हणजे कोरडं, निळं म्हणजे ओलं. ही सगळी जोडणी माझ्या भाच्यानं केलेली. तो पुण्यात नेटवर्कच्या कामात आहे.

पहिल्या सकाळी बायकोचा फोन आला. "अहो, बागेत गेले तर साडीचा काठ पार भिजला. फवारणी घ्यायची का? गड्याला बोलावते."

मी मोबाईल बघितला. चारही पानं हिरवी.

म्हणालो, "ते खालच्या गवताचं दव असेल. पान कोरडं दाखवतंय. उगाच औषध नको, फुलोरा आहे."

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच बोलणं, पुन्हा मी तेच सांगितलं. तिनं वाद घातला नाही.

आठवड्याच्या आत बांधाकडच्या सात ओळींत पानांवर तेलकट डाग आले, पानामागे पांढरी बुरशी. पानाचं एक वेळ सोसता येतं, पण डाऊनी घडावर गेली होती. फुलोऱ्यातले घड तपकिरी पडून गळायला लागले. त्या सात ओळींत निम्मासुद्धा माल राहिला नाही. डाऊनीच्या बुरशीला पाण्याचा पातळ थर काही तास टिकला की पुरतं, हे मला वीस वर्षं माहीत आहे. तरी मी साडीच्या काठापेक्षा मोबाईलवर जास्त विश्वास ठेवला.

भाचा रविवारी आला. मोटरघरात बसून त्यानं कॉम्प्युटरमधली नोंद उघडली. दोन्ही रात्री अकरापासून सकाळी आठपर्यंत चारही सेन्सर ओले. म्हणजे सेन्सर बरोबर होते, नोंदही झाली होती, ती माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. मोबाईल मला लग्नाला निघालो त्या दुपारचं चित्र दाखवत होता.

"मामा, गुरुवारी संध्याकाळी लाईट गेली होती का?"

गेली होती, पंधरा मिनिटं. राऊटर विजेवर, तो बंद पडून परत चालू झाला. कॉम्प्युटरला मात्र मी हौसेनं सोलर पॅनल आणि बॅटरी लावलेली, तो चालूच राहिला. भाचा म्हणाला, "तोही बंद पडला असता तर हे झालंच नसतं."

मला काही उमगेना. मग त्यानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

इंटरनेटवर बोलायचं तर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत बहुधा राऊटर तलाठ्यासारखा वही घेऊन बसतो आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक पत्ता लावून देतो. नव्या आयपीव्ही६ मध्ये वहीशिवायही भागतं. राऊटर ठरावीक वेळानं दवंडी पिटतो. तिला राऊटर ॲडव्हर्टाइजमेंट म्हणतात, थोडक्यात आरए. दवंडीत तो सांगतो: बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून आहे, आणि या शिवाराचा गट नंबर हा. ऐकणारं यंत्र गट नंबरापुढे आपला पोटहिस्सा स्वतःच लावतं, हाच पत्ता आणखी कुणी घेतलाय का ते विचारतं आणि कामाला लागतं. पत्ता १२८ बिटांचा. अर्धे ६४ बिट राऊटर सांगतो, अर्धे ६४ यंत्र स्वतः बनवतं. या पद्धतीला स्लॅक म्हणतात.

आता गोम. आमच्या सिमचा राऊटर बंद होऊन परत चालू झाला की सिमवाली कंपनी त्याला नवा गट नंबर देते. राऊटरनं नव्या नंबराची दवंडी पिटली, पण जुना रद्द झाला हे सांगितलं नाही. सांगणार कसा? बंद पडताना जुना नंबर तोही विसरला होता. कॉम्प्युटर जागाच होता. त्यानं नवा पत्ता घेतला आणि जुनाही ठेवला. मग बाहेर बोलताना तो जुन्या पत्त्यावरून बोलत राहिला. त्या पत्त्यावरून आकडे पोचणंही बंद आणि उत्तर येणंही बंद. भाच्यानं भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरला फक्त आयपीव्ही६ चा पत्ता, तो स्वस्त पडतो म्हणून. त्यामुळे जुन्या पद्धतीनं जायचीही वाट नव्हती.

जुना पत्ता किती दिवस धरून ठेवायचा, हे दवंडीतच लिहिलेलं असतं. दोन मुदती असतात. पहिली पसंतीची: तोवर यंत्र तो पत्ता बिनदिक्कत वापरतं. दुसरी वैधतेची: ती संपली की पत्ता काढून टाकतं. मानकात मूळ ठरलेल्या मुदती आहेत ७ दिवस आणि ३० दिवस. आमच्या राऊटरमध्ये त्याच होत्या. ज्या सिमचा नंबर लाईट गेली की बदलतो, त्याची दवंडी सात दिवस खरी मानायची!

मी भाच्याला म्हणालो, "अरे, कालव्याची पाळी रोज बदलत असेल तर महिन्याची दवंडी कोण पिटतं?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, मी आहे तसंच ठेवलं. बघायला हवं होतं."

त्या दिवशी आम्ही जे बदललं ते खाली देतो. तुमच्या जोडणीवाल्याला दाखवा.

१. पसंतीची मुदत ४५ मिनिटं, वैधतेची ९० मिनिटं केली. हे आकडे आमच्या मनचे नाहीत. हीच अडचण जगभर आली म्हणून २०२१ मध्ये आरएफसी ९०९६ निघाला, त्यात २७०० आणि ५४०० सेकंद दिलेले आहेत. आता लाईट गेली तरी जुना पत्ता पाऊण तासात मागे पडतो.

२. मुदत बदलली तरी यंत्रांनी आधीच घेतलेला जुना पत्ता लगेच जात नाही. शिल्लक वैधता मोठी असेल तर एका दवंडीनं ती २ तासांच्या खाली आणता येत नाही. कुणी खोटी दवंडी पिटून सगळ्यांचे पत्ते घालवू नयेत म्हणून हा नियम आहे. आम्ही सरळ कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला.

३. दवंडी दर अर्ध्या मिनिटाला द्यायचं भाच्याच्या मनात होतं. नको म्हणालो. सेन्सर सेलवर चालतात, प्रत्येक दवंडीला ते जागे होतात आणि सेल संपतात. जास्तीत जास्त १० मिनिटांचं अंतर ठेवलं. नवीन यंत्र जोडलं की ते स्वतःच राऊटरला हाक मारतं, त्याला दवंडीची वाट बघावी लागत नाही.

४. बागेतल्या बागेत बोलायला एफडी ने सुरू होणारे घरचे पत्ते. ते सिमवर अवलंबून नसतात. हे आधीपासून होतं, म्हणूनच त्या दोन रात्रींची नोंद निदान कॉम्प्युटरमध्ये सापडली. हे बंद करू नका.

५. दवंडी पिटणारा एकच हवा. जुना राऊटर नुसता वायफाय लांबवायला लावत असाल तर त्याचं आरए बंद करा. नाहीतर ज्याच्याकडे बाहेरचा रस्ताच नाही तोही "माझ्याकडून या" म्हणून ओरडतो आणि यंत्रं भोळेपणानं जातात.

६. डीएचसीपीव्ही६ म्हणजे नव्या पद्धतीतली वही. नुसती ती ठेवून आरएमधलं स्लॅक बंद करू नका. अँड्रॉइड मोबाईल त्या वहीतून आपला पत्ता घेत नाही, मग मोटरघरात उभं राहून मोबाईलवरून काही बघता येत नाही.

७. राऊटरलाही बॅटरी लावली. हे सगळ्यात सोपं होतं आणि सगळ्यात शेवटी सुचलं.

आणि एक बदल मी हट्टानं करून घेतला. मोबाईलवर पानाच्या चित्राखाली आता आकडा किती वेळापूर्वीचा आहे ते येतं. एक तास उलटला की हिरवं पान करडं होतं. करडं म्हणजे "माहीत नाही". आधी आमच्या मोबाईलला "माहीत नाही" असं सांगताच येत नव्हतं.

कृषीच्या मंडळींना एक विनंती. रोगाच्या अंदाजाचं यंत्र शेतकऱ्याला दाखवताना सेन्सर किती अचूक आहे ते सांगताच, त्याबरोबर आकडा येणं थांबलं तर पडद्यावर काय दिसतं तेही दाखवा. माझा सेन्सर अचूकच होता.

बांधाकडच्या सात ओळींचा हिशेब बायकोनं वहीत लिहून ठेवलाय. मला बोलली काही नाही. यंदा फुलोऱ्यात मी घरीच थांबणार आहे. आणि कुठे जावंच लागलं तर सकाळी आधी तिला फोन करून काठ भिजला का ते विचारीन, मोबाईल त्यानंतर उघडीन.

पुढची नोंद पोंगा अवस्थेतल्या फवारणीची.