मोकळ्या मनाचा हट्ट

मी उदारमतवादी पाळक आहे, ही गोष्ट मला स्वतःलाच फार आवडायची. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये माझ्या आधी होऊन गेलेले काही पाळक सिनेमा, गणपतीची आरास, शेजारच्या घरून आलेला प्रसाद असल्या गोष्टींवरून रविवारी लोकांचे कान उपटायचे. मी वारीतल्या माणसांना पाणी द्यायला उभा राहायचो, उरुसाला जायचो, आणि उत्पत्तीचे पहिले अध्याय म्हणजे भूगर्भशास्त्राचं पुस्तक नव्हे, असं पुलपिटावरून बेधडक सांगायचो. बाहेर माझं कौतुक व्हायचं, सर्वधर्म कार्यक्रमांची निमंत्रणं यायची. त्या भरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. शिकवणुकीत मी जितका सैल होतो, तितकाच आवडीनिवडीत कडक होतो. आणि मंडळीला पाळकाच्या शिकवणुकीपेक्षा त्याच्या आवडीनिवडीच जास्त सोसाव्या लागतात.

पहिला बळी गेला पायपेटीचा.

आमच्या देवळात (नगरकडचे जुने ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात) एक जुनी पायपेटी होती. पायांनी भाता मारायचा आणि हातांनी वाजवायची. तिच्या साथीवर इंग्रजी चालींची भाषांतरित गीतं चार आवाजांत म्हटली जायची. मी आलो तो डोक्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक घेऊनच. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत पोचला, शेकडो भजनं लिहून गेला. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. त्याही मागे जायचं तर 1616मध्ये फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण आहेच. इतकी श्रीमंती घरात असताना आम्ही परक्या चालींवर देवाला आळवायचं? मी ठरवून टाकलं. पायपेटी भिंतीला गेली, तिच्यावर फुलदाणी आली. टाळ, पखवाज आणि हातपेटी आणली. ‘उपासना संगीत’मधली कोणती गीतं म्हणायची याची यादीही मीच केली आणि त्यात एकही परकी चाल ठेवली नाही.

तरुणांना मजा वाटली. शहरातून एक प्राध्यापक मुद्दाम ऐकायला आले आणि ‘हे खरं देशी ख्रिस्तीपण’ म्हणून गेले. त्या वाक्यावर मी बरेच दिवस काढले.

गायकवृंदातल्या एक आजी गप्प झाल्या होत्या, ते मला दिसलंच नाही. त्या आल्टो म्हणायच्या. शाळकरी वयापासून त्यांनी तोच एक आवाज धरला होता. मूळ चालीच्या खालून जाणारा, एकटा ऐकला तर कसलंच गाणं वाटणार नाही असा. भजनात सगळे एकाच सुरात. आजींना तिथं काही कामच उरलं नव्हतं. त्या यायच्या, बसायच्या, प्रभुभोजन घ्यायच्या आणि जायच्या.

मला हे सांगितलं मंडळीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी, आणि तेही वर्ष उलटल्यावर. टिळकांची भजनं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. एकतारीवर ती म्हणतच ते लहानाचे मोठे झालेले. म्हणजे माझा हट्ट भजनांवर लादलेला होता, भजनं लोकांवर लादलेली नव्हती. ती त्यांची होतीच. ते म्हणाले, “पाळकसाहेब, माझा आजा बाप्तिस्म्याआधी पंढरीला चालत गेला होता. चोखोबाच्या समाधीपर्यंत. पुढं जायची सोय नव्हती. टाळ त्याच्याही हातात होता, पण तो दाराबाहेरच वाजवायचा. इथं आल्यावर त्याला ह्या पेटीपुढं बसवलं, वाचायला शिकवलं, चौघांत उभं करून गायला लावलं. तुम्हाला ती इंग्रजांची पेटी वाटते. आमच्या घरात ती आज्याची पेटी आहे.”

पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं झालं ते 1947मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. हे मला ठाऊक होतं, मी त्यावर भाषणंही दिली होती. पण त्या तारखेचा आणि आमच्या देवळातल्या पायपेटीचा काही संबंध असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. ब्राह्मण कवीचं देशीपण मी एका महाराच्या नातवाला शिकवायला निघालो होतो, आणि स्वतःला पुरोगामी म्हणवत होतो.

फुलदाणी काढली. भात्याची चामडी उंदरांनी कुरतडली होती, ती दुरुस्त करणारा माणूस शोधता शोधता नाकी नऊ आले. आजी परत गायला लागल्या, पण आवाज पूर्वीसारखा चढत नव्हता. अजूनही दर नाताळाआधी गीतांवरून आमच्या सभेत भांडण होतं. होऊ दे. यादी आता मी करत नाही.

इतिहासाची हौस तर याहून महागात पडली. मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची होती आणि संपादक अर्थातच मी. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813मध्ये मुंबईत उतरली, 1831मध्ये नगरला ठाणं झालं, 1842मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं, मिस फेरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हे सगळं मी झोकात लिहिलं. मग मला निर्भीड व्हायची लहर आली. मिशनच्या जुन्या इंग्रजी अहवालांच्या आधारे लिहिलं, की 1876 ते 78च्या दुष्काळानंतर जिल्ह्यात बाप्तिस्म्यांची संख्या एकदम वाढली, आणि आपले पूर्वज बव्हंशी धान्याच्या आशेनं आले, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. वाक्य मला चमकदार वाटलं होतं. मी ते मोठ्या टाइपात चौकटीत टाकलं.

मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका अंक घेऊन घरी आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी मला परीक्षेत विचारतात तसे प्रश्न विचारले. दुष्काळी कामांवर पोट भरलेले सगळे ख्रिस्ती झाले का? नाही. पाऊस पडल्यावर, धान्य वाटणं थांबल्यावर किती जण परत गेले? मला सांगता आलं नाही. मी तो आकडा पाहिलाच नव्हता. “मग ‘आशेनं’ हा शब्द अहवालात होता की तुमचा?” तो माझा होता. “ज्यांनी उपाशी माणसाला विहिरीपासूनसुद्धा लांब ठेवलं, त्यांना सोडून जो दारात घेतो त्याच्याकडे जाणं ही लाचारी वाटते तुम्हाला? मला तर ती अक्कल वाटते.”

मग त्यांनी विचारलं, की गावोगाव फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या बायबलबायांची नावं अंकात का नाहीत. त्यांची पणजी त्यांतलीच एक. अहवालात परदेशी मंडळींची नावं पूर्ण असतात, आपल्या माणसांची पुष्कळदा नुसती संख्या. मी ती संख्या तशीच उतरवून घेतली होती. घराघरांत जाऊन विचारायला मला सवड होती, पण अहवाल वाचणं जास्त विद्वत्तेचं वाटलं. अंक छापून वाटून झाला होता. मागाहून पुरवणी काढली, तिच्यात त्या बायांची नावं घातली. पुरवण्या कोण वाचतं म्हणा.

पाखरांचंही सांगून टाकतो, त्यात फार काही नाही, पण लाज तेवढीच आहे. गळ्यात दुर्बीण, पिशवीत सालिम अलींचं पुस्तक, असा मी जिल्ह्याच्या माळांवर भटकत असतो. रविवारशाळेत मुलांना टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ शिकवतो. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना असते, म्हणून आधीच्या आठवड्यात तिथलं गवत काढतात. त्या साफसफाईत एका जुन्या कबरीच्या खडीत टिटवीची चार अंडी दिसली, टोकं आत वळवून ठेवलेली. टिटवी डोक्यावर किंचाळत घिरट्या घालत होती. कुणाच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून मी ती उचलून लिंबाच्या सावलीत, गवतात नीट ठेवली. पक्षी वाचवल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी टिटवी मोकळ्या खडीवर, पहिल्याच जागी बसलेली होती. ती सावलीतल्या अंड्यांकडे फिरकलीच नाही. टिटवी उघड्या खडीतच अंडी घालते, उन्हाच्या तडाख्यात पोटाची पिसं भिजवून आणून अंडी थंड ठेवते, हे मी वाचलेलं होतं. अंडी लगेच परत ठेवली, पण त्यांतून काही निघालं नाही. कबरी खणणारा आमचा माणूस म्हणाला, “साहेब, तेवढ्यातलं गवत महिनाभर राहिलं असतं तर मेलेल्यांचं काय बिघडत होतं?”

आता जे सांगायला मी सगळ्यात जास्त टाळाटाळ केली ते.

मंडळीतल्या एका बाईंचे मालक वारले. बाई बाप्तिस्मा घेतलेल्या, मालक माळकरी. चाळीसएक वर्षांचा संसार, भांडण कधी धर्मावरून झालं नाही. मी भेटायला गेलो. चहा पुढं ठेवून त्यांनी विचारलं, “पाळकसाहेब, हे आता कुठं असतील?”

मी उत्तर म्हणून व्याख्यान दिलं. स्वर्ग ही जागा नव्हे, ती एक प्रतिमा आहे, पवित्र शास्त्रातली भाषा काव्यात्म आहे, काळ आणि अवकाश यांच्या पलीकडचं आपण कसं सांगणार वगैरे. त्या मान डोलावत राहिल्या. चहा गार झाला. महिन्याभरात कळलं, की त्या तंबूतल्या सभांना जायला लागल्या. तिथल्या प्रचारकानं त्यांना सरळ सांगितलं होतं, की मालक नरकात आहेत. मी चिडून विचारलं, असल्या माणसाकडे कशाला जाता? त्या म्हणाल्या, “त्यानं निदान उत्तर तरी दिलं.”

मला जास्त झोंबलं ते वेगळ्याच कारणानं. याच प्रश्नावर आमच्या नगरच्याच एका पाळकानं आपलं काम पणाला लावलं होतं. रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मलेले, 1878मध्ये नगरला धर्मविद्यालय सुरू करणारे. 1886मध्ये सुटीवर अमेरिकेत असताना त्यांनी बोलून दाखवलं, की ज्यांना ख्रिस्ताची ओळख इथं झाली नाही त्यांना मरणानंतरही संधी मिळेल अशी आशा धरायला जागा आहे. एवढ्यावरून त्यांच्या मिशन बोर्डानं त्यांचं भारतात परतणं अडवून धरलं. दुसऱ्या वर्षी परवानगी मिळाली. ही हकीकत मी तारखांसकट सांगत असे, तरुण संघात, पाहुण्यांना, चहाच्या टेबलावर. जिला ती हवी होती तिच्या ओसरीवर बसून मात्र मला प्रतिमा आणि अवकाश आठवले. ह्यूम यांना ‘आशा धरतो’ म्हणायला भीती वाटली नाही. मला वाटली. नरक नाकारायला धाडस लागत नाही, माझ्या वर्तुळात त्याचं कौतुकच होतं. ‘तुमचे मालक देवाजवळ आहेत असं मला वाटतं’ म्हटलं तर भाबडा ठरेन, हे माझं खरं भय होतं.

पुन्हा त्यांच्याकडे जायला मी बराच उशीर लावला. गेलो तेव्हा त्या शेंगा निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की मला वाटतं ते देवाजवळ आहेत, आणि देव त्यांना माळ काढायला लावणार नाही.

त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, “हे तेव्हाच सांगायचं होतं. चहा तरी गरम प्याला असतात.”