जोड्या जुळवा

परवां रविवारीं दुपारीं माझी भाची भूगोलाची वही घेऊन माझ्यापाशीं येऊन बसली. डाव्या बाजूस आपल्या देशांतील शहरांचीं नांवें, उजव्या बाजूस उद्योगधंदे आणि मधें पेन्सिलीनें रेघा ओढावयाच्या, असा तो स्वाध्याय होता. जमशेदपुराची रेघ पोलादाकडे गेली, कानपुराची चामड्याकडे, कलकत्त्याची तागाकडे. मुंबईपाशीं मात्र तिची पेन्सिल थांबली. "मामा, मुंबईची रेघ कापडाकडे नेऊं कीं सिनेमाकडे?" प्रश्न साधाच होता, पण त्याचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं.

लहानपणीं असल्या जोड्या मीही पाठ केल्या आहेत. आमचें बिऱ्हाड लालबागेंतील एका चाळींत होतें आणि वडील जवळच्याच एका गिरणींत साचेखात्यांत कामाला होते. भोंगा झाला कीं चाळ जागी व्हावी आणि पाळी सुटली कीं केसांत कापसाचे तंतू घेऊन माणसें घरीं परतावींत, हा तेथला नित्यक्रम. त्यामुळें मुंबई आणि कापड ही एक जोडी पाठ करण्याची मला गरजच पडली नाहीं. सबंध पुस्तकांत तेवढें एकच वाक्य मला घरचें वाटे.

१९८२ च्या १८ जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते आणि सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले होते. भोंगे बंद पडले. त्या वर्षीं सहामाही परीक्षेंत हाच प्रश्न आला. मीं नेहमींचें उत्तर लिहिलें आणि पुरे गुण मिळविले. पेपर वडिलांना दाखविला, तेव्हां ते कांहीं वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले व म्हणाले, "मास्तरांनीं बरोबर दिलंय ना? मग बरोबरच असेल." पुढल्या आठवड्यांत ते भाताच्या कापणीसाठीं गांवीं गेले. गिरणीनें त्यांना पुन्हां कधीं बोलाविलें नाहीं.

पुढें कॉलेजांत इतिहास वाचूं लागल्यावर कळलें, कीं ही जोडी पुस्तकांत दिसते तितकी सनातन नव्हती. कावसजी दावर यांनीं कंपनी काढली १८५४ सालीं; ताडदेवास तिचें सूत निघूं लागलें १८५६ सालीं. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें आणि १८६५ सालीं तेथल्या पेढ्या व कंपन्या पत्त्यांच्या घरासारख्या कोसळल्या. एका शहराचें भाग्य सात समुद्रांपलीकडच्या लढाईनें ठरावें, हें तेव्हांही कोणाच्या हातीं नव्हतें.

इतर शहरांची कथा फारशी निराळी नाहीं. अहमदाबादेस रणछोडलाल छोटालाल यांची गिरणी १८६१ सालीं चालूं लागली. तेथेंच १९१८ सालीं गांधीजींनीं मजुरांसाठीं ३५ टक्के वाढीचा लढा दिला. त्या शहराला लोक हिंदुस्थानचें मँचेस्टर म्हणत. पुढें तेथल्याही बहुतेक जुन्या गिरण्यांना टाळीं लागलीं, आणि खुद्द मँचेस्टरच्या गिरण्या तर त्याआधींच ओस पडल्या होत्या. हुगळीकांठीं रिश्रा येथें तागाची पहिली गिरणी १८५५ सालीं निघाली. १९४७ च्या फाळणींत तागाचीं बहुतेक शेतें पूर्व पाकिस्तानांत गेलीं आणि गिरण्या इकडे राहिल्या. उलट, साकची नांवाच्या खेड्यापाशीं १९०७ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें १९१२ सालीं पोलाद काढलें, १९१९ सालीं त्या वस्तीला जमशेदजींचें नांव मिळालें, आणि ती जोडी आजही टिकून आहे. तेव्हां पुस्तकें खोटें सांगतात असें मी म्हणणार नाहीं. जोडी कशानें जुळली आणि तुटली तर कोणाचें काय झालें, एवढेंच तीं सांगत नाहींत.

हें सगळें मीं भाचीला सांगितलें. प्राध्यापकाला दुसरें काय येतें? तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण आजोबा गिरणींत काय करायचे?"

मी निरुत्तर झालों. साल, कंपनी, टक्के, सारें माझ्या जिभेवर होतें. पण ज्या कामावर माझें शिक्षण झालें, तें काम वडील हातांनीं कसें करीत, हें मीं त्यांना कधीं विचारलेंच नव्हतें. आणि आतां विचारावयास ते नाहींत.

आंतल्या खोलींत आई तांदूळ निवडीत होती. ती तेथूनच म्हणाली, "दोन साचे असायचे त्यांच्याकडे. सगळी पाळी डोळा धाग्यावर. धागा तुटला कीं साचा थांबवायचा, गांठ मारायची, पुन्हां चालू करायचा. बोटांना घट्टे पडले होते, तुला आठवत नाहीं?"

घट्टे मला आठवत होते. ते कशाचे होते, तें आज कळलें.

भाची वही घेऊन उठली आणि आजीपाशीं जाऊन बसली. मुंबईची रेघ तिनें शेवटीं कोणीकडे नेली, तें मीं पाहिलें नाहीं. मधल्या दारांतून त्या दोघींचें बोलणें बराच वेळ ऐकूं येत होतें. थोड्या वेळानें मीही उठलों आणि आंत जाऊन त्यांच्याजवळ बसलों.