खारपाणपट्ट्यांतून समुद्रावर

वऱ्हाड आणि समुद्र ही जोडी ऐकणारास चमत्कारिक वाटेल. अकोल्याहून मुंबई रेल्वेनें सुमारें ५८० किलोमीटर. अमरावती त्याहूनहि दूर. तथापि आमच्या काळ्या मातीचा माल समुद्रास फार पूर्वीपासून ओळखतो. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या रुईच्या गांठींना मुंबईच्या धक्क्यावर भाव आला. कापसामागून माणसेंहि गेलीं. अमरावतीचे रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर १८९० सालीं काँग्रेसच्या शिष्टमंडळांतून विलायतेस गेले; दादासाहेब खापर्डे १९०८ सालीं लोकमान्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठीं गेले. समुद्रगमन निषिद्ध मानणारे त्या वेळीं थोडेथोडके नव्हते. पण हे सर्व कामासाठीं गेले. केवळ विसांवा मिळावा म्हणून सगळ्या घरानें मिळून समुद्रावर जाऊन राहावें, ही गोष्ट मात्र अगदीं अलीकडची.

आमच्या घरचीं अमरावतीचीं सात व अकोल्याचीं पांच, अशीं बारा माणसें हिवाळ्यांत मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या जहाजानें निघालों. ‘एम्प्रेस’ हें जहाज १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधलेलें; लांबी सुमारें २११ मीटर, मजले अकरा. २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेस ही कंपनी तें मुंबईहून चालवूं लागली. एवढ्या माणसांची सहल म्हटली कीं प्रत्येक मुक्कामीं सामान बांधणें आणि सोडणें हाच मुख्य कार्यक्रम होऊन बसतो. त्यांत आमच्या आत्याबाईंचें वय ब्यायशीं आणि धाकट्या नातीचें तीन. जहाजावर सामान एकदां सोडलें कीं सोडलें. धर्मशाळाच चालते आणि प्रवासी जागच्या जागीं राहतो. हा एकच गुण आम्हांस पुरेसा वाटला.

अमरावतीची गाडी सायंकाळीं निघाली, अकोल्यास बाकीची मंडळी चढली, आणि दुसरे दिवशीं आम्ही जहाजावर होतों. शाकाहारी जेवणाची सोय उत्तम होती. काकूंनीं बरोबर घेतलेला मेतकुटाचा डबा जवळजवळ तसाच परत आला. पहिल्याच पहांटे काकू नित्याप्रमाणें पांचाला उठल्या, स्नान केलें, आणि काकांना विचारूं लागल्या, “आतां काय करावयाचें?” चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांच्या तोंडून कोणीं ऐकला नव्हता. शेवटीं त्या वरच्या मजल्यावर जाऊन सूर्योदय होईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. वहिनीहि त्यांच्याशेजारीं जाऊन बसल्या. सासूसुनांनीं हातांत कांहीं काम नसतां तासभर बोलत बसावें, हा या सफरीचा आमच्या मतें सर्वांत मोठा लाभ.

परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अशा जहाजावर प्रत्येक वयाची करमणूक निराळी असते. मुलें खेळण्याच्या दालनांत, तरुण मंडळी पोहण्याच्या हौदावर किंवा नाटकगृहांत, वडील माणसें आरामखुर्च्यांवर. पहिल्या दिवशीं सायंकाळपर्यंत बारा माणसें सहा ठिकाणीं विखुरलीं होतीं. एकत्र राहण्यासाठीं एवढा खर्च करून आपण अधिकच वेगळे झालों, हें आत्याबाईंच्या ध्यानांत आलें, आणि त्यांनीं नियम घातला: दिवसभर कोणीं कोठेंहि जावें, रात्रीचें जेवण एका पंगतीला. मग दोन मेजें जोडून घेतलीं. अशा सफरीस निघणाऱ्या कुटुंबांनीं हा नियम घरूनच ठरवून जावें. जुगाराचा अड्डा व मद्याचें दुकानहि जहाजावर असतें. तरुणांशीं त्याविषयीं आधींच मोकळेपणानें बोललेलें बरें. ज्यांस बोट लागते त्यांनीं खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागची खोली घ्यावी. तेथें हेलकावे कमी बसतात. आलेपाक जवळ असावा.

आतां पाण्याची हकीकत. आत्याबाईंचा संसार दर्यापूर तालुक्यांतील एका खेड्यांत झाला. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला तो खारपाणपट्टा. विहिरीस पाणी लागतें, पण तें खारें. डाळ शिजत नाहीं, तहान भागत नाहीं. त्यामुळें गोडें पाणी दुरून आणण्यांत त्यांची निम्मी उमर गेली. जहाजावर हात धुतांना नळ वाहता ठेवणारीं माणसें पाहून त्या अस्वस्थ झाल्या व हें पाणी येतें कोठून, असें त्यांनीं विचारलें. आमच्या पुतण्यानें समजावून सांगितलें: समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. मोठ्या जहाजांवर इंजिनाच्या उष्णतेनें त्या पाण्याची वाफ करून ती थंड करतात, किंवा पाणी मोठ्या दाबानें बारीक पडद्यांतून गाळतात. शिवाय बंदरांतहि पाणी भरून घेतात.

आत्याबाईंनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “मग आमचें पाणी तर याहून पुष्कळ कमी खारें. तें कां नाहीं गोड केलें?”

प्रश्न सरळ होता. उत्तर तितकें सरळ नाहीं. गाळण्याचीं यंत्रें खेड्यांतहि बसतात. पण त्यांना वीज लागते, देखभाल लागते, आणि मुख्य म्हणजे मागें उरणारें अधिक खारें पाणी कोठें तरी सोडावें लागतें. जहाज तें समुद्रांत सोडतें. खेड्यानें तें शेतांत सोडलें तर जमीन बिघडते. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणासारख्या ठिकाणाहून नळानें पाणी आणण्याच्या योजना तेथें झाल्या. पुतण्यानें हेंहि सांगितलें. आत्याबाईंचें समाधान झालें असें दिसलें नाहीं. “समुद्र नाहीं म्हणून पाणी नाहीं,” एवढेंच त्या म्हणाल्या. नंतर समोर कोणी वाहता सोडलेला नळ त्यांनीं उठून बंद केला, आणि सफरीच्या उरलेल्या दिवसांत आमच्या बारा माणसांपैकीं कोणाचा नळ वाहता राहिला नाहीं.